‘क्लार्क’ शब्दाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यांत बी. ए. च्या वर्गापुढें चॉसरच्या ‘कँटरबरी कथां’चा उपोद्घात चालला असतां एक लहानसा प्रसंग घडला. यात्रेकरूंच्या मेळ्यांत ऑक्सफर्डचा जो एक ‘क्लार्क’ आहे, त्याच्या वर्णनापाशीं आम्ही येऊन पोहोंचलों होतों. घोडें हाडकुळें, त्यावरचा स्वारहि तसाच. अंगावरचा झगा झिजून विरविरीत झालेला. आणि मनांत आस काय, तर उशापाशीं ऍरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचे वीस ग्रंथ असावेत एवढीच. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हा गृहस्थ कोणत्या कचेरींत नोकरीला होता?” वर्ग हंसला. तेवढ्यांत दुसऱ्यानें शंका काढली : “आणि सर, तुम्ही ‘क्लार्क’ म्हणतां, तर लिहिण्यांत ‘ए’ हें अक्षर कां नाहीं? आम्ही ‘क्लर्क’ म्हटलें तर तें चुकलें काय?”

वस्तुतः दोहोंपैकीं एकहि प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. चॉसरनें त्या गृहस्थाविषयीं मुद्दाम सांगून ठेविलें आहे कीं, त्यास चर्चची वृत्ति अद्याप लाभलेली नव्हती, आणि एखादी लौकिक नोकरी धरावी इतका तो व्यवहारी नव्हता. म्हणजे कचेरी नसणें हेंच ज्याचें लक्षण, त्याच्या नांवाचा उच्चार होतांच आज आपल्या डोळ्यांपुढें कचेरीवांचून दुसरें कांहीं येत नाहीं. सहाशें वर्षांत एका शब्दाची इतकी उलथापालथ व्हावी, त्याचें लेखन एका बाजूस आणि उच्चार दुसऱ्या बाजूस राहावा, आणि त्याच शब्दानें आमच्या देशांतील चार पिढ्यांच्या शिक्षणास नांव ठेवण्याचें काम करावें, हें सर्व एका तासांत सांगणें मला त्या दिवशीं साधलें नाहीं. तें आज सावकाश सांगावें असें मनांत आहे. माझे वडील तालुक्याच्या कचेरींत अव्वल कारकून होते. त्यामुळें हा शब्द मी लहानपणापासून दोन स्वरांत ऐकत आलों आहें. घरीं तो अभिमानानें उच्चारला जाई, आणि कॉलेजांत गेल्यावर तोच तुच्छतेनें उच्चारलेला ऐकूं आला. तेव्हां माझी जिज्ञासा अगदींच निर्लेप आहे असें मी म्हणत नाहीं.

शब्दाचें मूळ ग्रीक आहे. ‘क्लेरॉस्’ म्हणजे चिठ्ठी टाकतांना वापरावयाचा लाकडाचा अगर दगडाचा तुकडा. त्यावरून चिठ्ठीनें वांट्यास आलेला भाग, विशेषतः जमिनीचा. आणि त्यावरून वारसा. प्राचीन अथेन्समध्यें बहुतेक अधिकारी मतें घेऊन नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून नेमीत, व त्यासाठीं ओळीनें खांचा पाडलेली एक दगडी शिळा वापरीत. तिला याच शब्दावरून ‘क्लेरोटेरिऑन’ हें नांव होतें, आणि तिचे तुकडे अथेन्सच्या उत्खननांत सांपडले आहेत. यहुद्यांचा धर्मग्रंथ ग्रीक भाषेंत उतरला तेव्हां हा शब्द त्यांत शिरला. इस्राएलाच्या इतर कुळांना जमिनी वांटून मिळाल्या, परंतु देवाच्या सेवेस वाहिलेल्या लेवीच्या कुळास जमिनीचा वांटा मिळाला नाहीं. परमेश्वर हाच त्यांचें वतन, असा निर्णय झाला. पुढें ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीं विश्वासघातकी यहूदाची जागा भरावयाची वेळ आली, तेव्हांहि मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, व तेथेंहि हाच शब्द योजिला आहे. त्यामुळें ख्रिस्ती संघांत देवकार्यास वाहून घेतलेल्या मनुष्यास ‘क्लेरिकॉस्’ व लॅटिनमध्यें ‘क्लेरिकुस्’ म्हणूं लागले. संत जेरोम यानें चौथ्या शतकाच्या अखेरीस एका तरुण धर्मसेवकास लिहिलेल्या पत्रांत या नांवाची फोड केली आहे : हे लोक परमेश्वराचा वांटा, अथवा परमेश्वर हा यांचा वांटा. जमीनजुमला नाहीं म्हणून ज्यांस हें नांव पडलें, त्यांच्याच नांवाचा वारस पुढें जमिनीचे सातबारे उतरवीत बसावा, यांत दैवानें थोडी थट्टा केली आहे खरी.

नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें, त्यापूर्वींच हा शब्द लॅटिनांतून इंग्रजींत आलेला होता. नॉर्मनांच्या फ्रेंचनें त्याला बळकटी आणिली. शेवटच्या ‘क’ साठीं पूर्वीं ‘सी’ लिहीत, तेथें पुढें ‘के’ आला. त्या काळीं ‘क्लार्क’ म्हणजे डोक्यावरचे केंस वर्तुळाकार काढून संघांत प्रविष्ट झालेला मनुष्य. परंतु असा प्रत्येक मनुष्य उपाध्याय नसे. संघाच्या खालच्या पायऱ्यांवर असलेल्यांस लग्न करण्याची मोकळीक होती, आणि म्हणूनच ‘क्लार्क’ हें आडनांव इंग्लंडांत इतकें बोकाळलें. सगळेच ब्रह्मचारी असते तर तें आडनांव पुढें चाललें नसतें. आपल्याकडे चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस हीं आडनांवें जशीं लेखणीच्या चाकरींतून निघालीं, तशांतलाच हा प्रकार. या सर्वांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, अर्थात् लिहिणारा.

लिहिणें-वाचणें त्या समाजांत संघाबाहेर जवळजवळ नव्हतेंच. त्यामुळें ‘संघांतला’ आणि ‘वाचतां येणारा’ हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले. अर्थाच्या ह्या मिसळणीवर माणसांचे प्राण अवलंबून राहिले, ही हकीकत शब्दशास्त्राच्या इतिहासांत विरळाच.

११६४ सालीं राजा दुसरा हेन्री यानें क्लॅरेंडन येथें कांहीं नियम बांधिले. गुन्हा करणाऱ्या क्लार्कास संघानें पदच्युत केलें कीं पुढची शिक्षा राजाच्या न्यायासनानें द्यावी, असा त्यांतील एका नियमाचा आशय होता. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट यानें त्यास कडवा विरोध केला. ११७० च्या डिसेंबरांत राजाच्या सरदारांनीं त्याचा त्याच्याच मंदिरांत खून केला. आणि त्या रक्तामुळें राजाला माघार घ्यावी लागली. चॉसरचे यात्रेकरू ज्या समाधीच्या दर्शनास निघाले आहेत ती या बेकेटची. म्हणजे तो हाडकुळा क्लार्क, जाणून वा न जाणून, आपल्या वर्गाच्या रक्षणकर्त्यालाच नमस्कार करावयास चालला होता.

त्या माघारीमुळें असा प्रघात पडला कीं, मोठ्या गुन्ह्याचा आरोपी जर क्लार्क असेल, तर त्यास राजाच्या न्यायाधीशानें फांशी देऊं नये, बिशपच्या स्वाधीन करावें. आणि बिशपच्या न्यायालयांत देहान्त शिक्षा नव्हती. आतां क्लार्क ओळखावयाचा कसा? आरंभीं मुंडन आणि पोषाख पाहत. परंतु न्हाव्याच्या वस्तऱ्यानें कोणासहि क्लार्क होतां येतें हें ध्यानीं आल्यावर वाचनाची कसोटी पुढें आली. १३५१ च्या सुमाराच्या कायद्यानंतर तर संघाशीं संबंध असो वा नसो, वाचतां आलें म्हणजे झालें, अशी स्थिति झाली. आरोपीच्या हातीं स्तोत्रांचें पुस्तक देत. उतारा बहुधा एकच ठरलेला असे : पश्चात्तप्त पाप्याची दयायाचना ज्यांत आहे त्या एकावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ. लोकांनीं त्या ओळीला ‘मानेची ओळ’ असें सार्थ नांव ठेविलें होतें. आरोपीनें ती वाचली कीं बिशपचा प्रतिनिधि लॅटिनमध्यें जाहीर करी कीं, हा क्लार्काप्रमाणें वाचतो. आणि मान सुटे. निरक्षर आरोपी ती ओळ पाठ करून येत, हें सांगावयास नकोच. आमच्या विद्यापीठांतील पाठांतराची परंपरा किती जुनी आणि किती गरजेंतून निघालेली आहे, हें यावरून दिसेल!

सवलतीचा दुरुपयोग वाढला तेव्हां १४८९ सालीं कायदा झाला कीं, जो खरोखर संघांतला नाहीं, त्याला ही सवलत आयुष्यांत एकदांच मिळावी, व ती घेतल्याची खूण म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग द्यावा. या डागाचा सर्वांत प्रसिद्ध मानकरी म्हणजे नाटककार बेन जॉन्सन. १५९८ सालीं त्यानें गेब्रिएल स्पेन्सर नांवाच्या नटास द्वंद्वयुद्धांत ठार मारलें, गुन्हा कबूल केला, ओळ वाचली, आणि अंगठ्यावर डाग घेऊन तो बाहेर पडला. त्याला लॅटिन उत्तम येत होतें. त्याच्याइतक्या अधिकारानें ती ओळ क्वचितच कोणी वाचली असेल. पुढें इंग्रजी नाट्यवाङ्मयांत जे ‘व्हॉल्पोनी’ व ‘दि अल्केमिस्ट’ अवतरले, ते ‘क्लार्क’ शब्दाच्या एका संदिग्ध अर्थामुळें अवतरले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

बायकांना मात्र ही सवलत नव्हती. त्या वाचीत असोत वा नसोत, जोगिणीखेरीज दुसरी स्त्री क्लार्क असूंच शकत नव्हती. सतराव्या शतकांत, तेंहि अखेरीस, त्यांना पुरुषांच्या बरोबरीनें हा लाभ मिळाला. १७०६ सालीं वाचनाची अट काढून टाकली, आणि १८२७ सालीं सवलतच रद्द झाली. मध्यंतरीं पार्लमेंटनें एकामागून एक गुन्हे ‘क्लार्काच्या सवलतीशिवाय’ असे शब्द घालून वगळण्याचा सपाटा लाविला होता. खोट्या दस्तऐवजाविषयींचा कायदा त्यांपैकींच. आणि बंगालचे महाराजा नंदकुमार यांस १७७५ सालीं कलकत्त्यास जी फांशी झाली ती याच कायद्याखालीं. याच्या उलट, १७७० सालीं बोस्टन शहरांत जमावावर गोळ्या झाडणाऱ्या ज्या दोन इंग्रज शिपायांवर मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला, ते हीच सवलत मागून अंगठ्यावरील डागावर सुटले. त्यांचे वकील होते पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन ऍडम्स. एकाच दशकांत एकाच शब्दानें बोस्टनमध्यें शिपाई सुटतो आणि कलकत्त्यांत तो शब्द गैरहजर राहिल्यानें महाराजा फांशीं जातो.

आतां दुसऱ्या विद्यार्थ्याच्या शंकेकडे वळतों. ती वरकरणीं क्षुल्लक, पण तिच्यांत अधिक मौज आहे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धांत इंग्रजींत ‘र’च्या मागचा ऱ्हस्व ‘ए’ हळूहळू ‘आ’कडे झुकूं लागला. ‘स्टेर’चा ‘स्टार’ झाला, ‘फेर्म’चा ‘फार्म’ झाला, ‘डेर्क’चा ‘डार्क’ झाला. ह्या घरगुती शब्दांत लेखनहि उच्चाराच्या पाठोपाठ बदललें, त्यामुळें तेथें आज कोणास संशय येत नाहीं. ‘हार्ट’ म्हणजे हृदय या शब्दांत तडजोड झाली : ‘ई’ राहिला आणि त्याच्यामागें ‘ए’ येऊन बसला. ‘क्लेर्क’चाहि ‘क्लार्क’ झाला, आणि पंधराव्या शतकापासून कित्येक लोक तो ‘ए’ घालून लिहीतहि असत. पण हा शब्द पडला लेखणीवाल्यांचा. ज्यांच्या नजरेसमोर ‘क्लेरिकुस्’ हें लॅटिन रूप दिवसरात्र होतें, त्यांना ‘ए’ घातलेलें रूप अशिष्ट वाटे. अखेर कोशांत ‘ई’चा जय झाला आणि जिभेवर ‘आ’चा. आडनांव तेवढें कोशकारांच्या तावडींतून सुटलें. म्हणून ‘क्लार्क’ आडनांवाचा मनुष्य स्वतःला बहुधा ‘ए’ घालून लिहितो आणि त्याची नोकरी ‘ई’ घालून.

‘सर्व्हंट’, ‘सर्मन’, ‘मर्चंट’ या शब्दांचीहि एके काळीं हीच गति झाली होती. लोक त्यांस ‘सार्व्हंट’, ‘सार्मन’, ‘मार्चंट’ म्हणत. जॉन वॉकर यानें १७९१ सालच्या आपल्या उच्चारकोशांत लिहिलें आहे कीं, ‘मर्चंट’चा ‘मार्चंट’ हा उच्चार तीस वर्षांपूर्वीं सार्वत्रिक होता. शाळा वाढल्या, पुस्तकें स्वस्त झालीं, आणि ज्यांनीं शब्द कानाऐवजीं डोळ्यांनीं शिकले त्यांनीं उच्चार पुनः लेखनाकडे ओढून नेला. त्या ओढाताणींतून जे थोडे शब्द वांचले, त्यांत ‘क्लार्क’, ‘सार्जंट’ आणि डार्बी, बार्कशायर, हार्टफर्ड हीं गांवांची व परगण्यांची नांवें येतात. कांहीं शब्दांचीं तर दोन शकलें होऊन दोन्ही नांदत राहिलीं : ‘पर्सन’ म्हणजे व्यक्ति आणि ‘पार्सन’ म्हणजे गांवचा धर्मोपदेशक हे मुळांत एकच, ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘व्हार्सिटी’ हे तर उघडच सख्खे भाऊ आहेत. अमेरिकन लोकांनीं मात्र ‘क्लर्क’ असा लेखनानुसारी उच्चार पत्करला, आणि अर्थहि निराळा घेतला. त्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकास कापड दाखविणारा तो ‘क्लर्क’.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास माझें उत्तर असें कीं, ‘क्लर्क’ म्हणणें चूक नाहीं. तें महासागरापलीकडचें बरोबर आहे. आमच्या मराठीनें ‘क्लार्क’ आणि ‘सार्जंट’ हे शब्द गोऱ्या साहेबांच्या तोंडून ऐकून घेतले, म्हणून ते ‘आ’काराचे राहिले, हिंदीनें ‘क्लर्क’ जवळ केला. पण महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे धांवतात त्या शर्यतीस आम्ही ‘डर्बी’ म्हणतों, इंग्रजांप्रमाणें ‘डार्बी’ म्हणत नाहीं. कारण ती शर्यत आम्हीं वर्तमानपत्रांत वाचली. कोणता शब्द कानावाटे आला आणि कोणता डोळ्यांवाटे, याचा असा सरळ पुरावा क्वचितच मिळतो. जाणत्यांची येथें हमखास फसगत होते. मुंबईच्या गव्हर्नरांत सर जॉर्ज क्लार्क म्हणून एक होऊन गेले. १८४७-४८ आणि पुनः १८६०-६२ असे दोन वेळां ते त्या पदावर होते. त्यांच्या आडनांवांत ‘ई’ होता. विद्युत्-चुंबकत्वाचीं समीकरणें ज्यांच्या नांवावर आहेत त्या मॅक्सवेलसाहेबांच्या मधल्या नांवांतहि तोच ‘ई’. दोघांच्याहि नांवाचा उच्चार ‘क्लार्क’ असाच. परंतु पदार्थविज्ञानाच्या वर्गांतून ‘क्लर्क मॅक्सवेल’ असा घोष मीं स्वतः ऐकला आहे.

अर्थाची उतरण कशी झाली, तें आतां पाहूं. ती एकाएकीं झाली नाहीं, आणि तिचें बीज खुद्द चॉसरच्याच चरित्रांत दिसतें. १३७४ सालीं त्याला लंडन बंदरांतील लोकरीच्या जकातीवर नेमलें, तेव्हां हिशेब स्वतःच्या हस्ताक्षरांत ठेविले पाहिजेत अशी अट घातली होती. आणि १३८९ सालीं तो राजाच्या बांधकामखात्याचा ‘क्लार्क’ झाला. म्हणजे ज्यानें तो निःस्पृह, पुस्तकवेडा क्लार्क रंगविला, तो स्वतः दुसऱ्या अर्थाचा क्लार्क होता. दिवसभर लोकरीचे गठ्ठे मोजून रात्रीं काव्य लिहिणाऱ्या त्या मनुष्यानें, आपल्याला जें होतां आलें नाहीं तें त्या घोड्यावर बसविलें असावें, असा माझा तर्क आहे. तर्कापेक्षां अधिक योग्यता मी त्यास देत नाहीं.

छापखाना आला, धर्मसुधारणेच्या चळवळींत मठ मोडले, साक्षरता संघाबाहेर पसरली. वाचतां येणें हा चमत्कार राहिला नाहीं, तेव्हां ‘क्लार्क’ शब्दांतील ‘विद्वान्’ हा अर्थ गळाला, आणि उरला तो ‘दप्तर ठेवणारा’. जी विद्या थोड्यांपाशीं असतां मान वांचवीत होती, ती पुष्कळांपाशीं गेल्यावर आठवड्याच्या मजुरीवर मिळूं लागली. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळच्या कथेंतील बॉब क्रॅचिट हा आठवड्यास पंधरा शिलिंगांवर राबणारा क्लार्क. त्याला शेकोटींत जास्तीचा कोळसा घालण्याचीहि मुभा नाहीं. निबंधकार चार्ल्स लँब हा १७९२ पासून १८२५ पर्यंत, तेहेतीस वर्षें, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत हिशेबाच्या वह्या लिहीत होता. आपले खरे समग्र ग्रंथ लीडनहॉल रस्त्यावरील त्या कचेरीच्या फळ्यांवर आहेत, अशी त्याची स्वतःचीच थट्टा होती. त्याच कचेरींत १८२३ सालीं जॉन स्टुअर्ट मिल हा सतरा वर्षांचा मुलगा क्लार्क म्हणून लागला आणि १८५८ सालीं मोठ्या पदावरून बाहेर पडला. ‘स्वातंत्र्या’वरचा निबंध लिहिणारा हा पुरुष पस्तीस वर्षें आमच्या देशाविषयींचे खलिते लिहीत होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

इकडे हिंदुस्थानांत आणखी एक गंमत झाली. कंपनीच्या गोऱ्या नोकरांची सर्वांत खालची पायरी ‘रायटर’, म्हणजे लेखक, या नांवाची होती. क्लाइव्ह १७४४ सालीं मद्रासेस उतरला तो रायटर म्हणून. वॉरन हेस्टिंग्जची सुरुवात रायटर म्हणूनच. १७९६ सालीं हिंदुस्थानांत आलेले माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनहि प्रथम रायटरच होते. गोरा लेखक गव्हर्नर होई; काळा लेखक मात्र ज्या पायरीवर चढला त्याच पायरीवरून पेन्शनींत जाई. त्याला गोऱ्यांनीं निरनिराळ्या इलाख्यांत निरनिराळीं नांवें ठेविलीं होतीं. बंगालांत तो ‘क्रॅनी’, मद्रासेकडे ‘कनक्कप्पिळ्ळै’ या तामिळ शब्दाचा मोडून केलेला ‘कॉनिकोपोली’, आणि मुंबईस ‘पर्व्हो’! यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत हे सर्व शब्द सांपडतात. ‘पर्व्हो’ म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला ‘प्रभु’ आहे. मुंबईच्या कचेऱ्यांतून त्या ज्ञातीचे लोक पुष्कळ, म्हणून ज्ञातीचेंच नांव पेशास मिळालें. ज्या शब्दाचा अर्थ धनी, तो साहेबाच्या तोंडीं चाकराचा वाचक व्हावा, असा हा अर्थविपर्यास आहे.

आपला ‘कारकून’ शब्द इंग्रजांपूर्वीचा. फारसींत त्याचा सरळ अर्थ ‘काम करणारा’ एवढाच. शिवकालीन व पेशवाईंतील दप्तरांत तो मानाचा नसला तरी अपमानाचा खासच नव्हता. त्याला जी कळा आली ती इंग्रजी अमदानींत, ‘क्लार्क’चा प्रतिशब्द झाल्यावर. इंग्रजी शिक्षण म्हणजे कारकून तयार करण्याचा कारखाना, हें वाक्य आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे कीं त्याचा पुरावा मागण्याचेंहि कोणास सुचत नाहीं. मेकॉलेनें १८३५ च्या आपल्या टिपणांत ज्या वर्गाची मागणी केली तो राज्यकर्ते व प्रजा यांच्यामधल्या दुभाषांचा वर्ग होता. १८५४ च्या वूडच्या खलित्यांत सरकारास विश्वासू व लायक नोकर मिळावे हा हेतु अवश्य सांगितला आहे, पण तोच एक हेतु सांगितलेला नाहीं. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें. १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत रानडे आणि भांडारकर होते. तेव्हां कारखान्याचें वाक्य अगदीं खोटें नसलें तरी अर्धेंच खरें आहे. मला त्यांतील दुसरी गोष्ट खटकते : हें वाक्य बोलणारे स्वतः बहुधा त्याच कारखान्यांतून निघालेले असतात, आणि तुच्छता मात्र त्यांच्यापेक्षां कमी पगार घेणाऱ्याच्या वांट्यास येते. माझ्या वडिलांनीं तीस वर्षें लिहिलेल्या नोंदींवर तालुक्यांतील कित्येक कुळांच्या जमिनी टिकून राहिल्या. त्या नोंदींत खाडाखोड नव्हती. यालाहि विद्या म्हणावयास हरकत नसावी.

‘क्लार्क’ शब्दांतून विद्वत्तेचा अर्थ गळून पडल्याची अडचण खुद्द इंग्रजांनाहि भासली. राष्ट्रांतील एकंदर विद्वद्वर्गास एक नांव हवें म्हणून कोलरिजनें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘क्लेरिसी’ असा शब्द जर्मनच्या नमुन्यावर बनविला. तो कोशांत आहे, बाजारांत चालला नाहीं. फ्रेंच भाषेंत मात्र ‘क्लेर्’ शब्दाला जुन्या अर्थाची ऊब अद्याप आहे. ज्युलियां बेंदा यानें १९२७ सालीं युरोपांतील विचारवंतांनीं राष्ट्रद्वेषाच्या भरीं पडून सत्याशीं द्रोह केला असा आरोप करणारें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवांत हाच शब्द आहे. दुसऱ्या वर्षीं रिचर्ड ऑल्डिंग्टननें त्याचें भाषांतर केलें, तेव्हां नांवापाशीं अडचण आली. ‘क्लार्कांचा द्रोह’ म्हटलें असतें तर लंडनच्या वाचकास एखाद्या पेढींतील अफरातफरीचा वास आला असता. अमेरिकेंत तें ‘बुद्धिवंतांचा द्रोह’ म्हणून निघालें, आणि इंग्लंडांत ‘महान् विश्वासघात’ एवढेंच नांव घेऊन. मूळ ग्रंथाचा कणा असलेला शब्द इंग्रजीला स्वतःचा असूनहि वापरतां येईना.

तथापि शब्द मरतांना आपले जुने अर्थ कोठें कोठें पुरून ठेवितात. इंग्लंडच्या चर्चच्या उपाध्यायास कायद्याच्या भाषेंत अद्याप ‘दीक्षित क्लार्क’ म्हणतात. पार्लमेंटच्या वरिष्ठ सभेच्या दप्तराचा मुख्य अधिकारी आजहि ‘पार्लमेंटांचा क्लार्क’ आहे, आणि त्याचें स्थान मोठ्या मानाचें असतें. याच शब्दाचें विशेषण एका बाजूस धर्मोपदेशकांच्या गळपट्टीला लागतें आणि दुसऱ्या बाजूस नकलनवीसाच्या हातून झालेल्या चुकीला. या दुसऱ्या प्रकारची चूक आपल्याकडे ‘लेखनदोष’ म्हणून खपविली जाते. मोठ्या माणसाची चूक सांपडली तरी ती पुष्कळदां कारकुनाच्याच पदरांत घालितात.

ही चाल नवी नाहीं. आमच्या सरकारी मराठींत ‘क्लार्क’ आणि ‘कारकून’ या दोहोंच्या जागीं आतां ‘लिपिक’ हा संस्कृत शब्द बसविला आहे. त्याचा पूर्वज ‘लिपिकर’ हा अशोकाच्या लेखांत आढळतो, आणि तोहि याच संदर्भांत. गिरनारच्या शिळेवरील चौदाव्या आज्ञालेखांत सम्राट् सांगतो कीं, कांहीं ठिकाणीं लेख अपुरा राहिला असेल, त्याचीं कारणें अनेक असतील, आणि त्यांपैकीं एक म्हणजे लिपिकराचा अपराध. तो लिपिकर कोण, याचा उल्लेख तेथें नाहीं. पण दक्षिणेंत, कर्नाटकांतील ब्रह्मगिरि येथील शिळेवर, एका लिपिकरानें लेखाच्या शेवटीं आपलें नांव घातलें आहे : चपड. सर्व लेख ब्राह्मी लिपींत आहे. फक्त ‘लिपिकरानें’ हा एक शब्द त्यानें खरोष्ठींत, उजवीकडून डावीकडे, कोरविला. ती लिपि वायव्येकडील गांधार प्रांताची. ब्रह्मगिरीच्या आसपास ती वाचणारा दुसरा कोणी असण्याचा संभव फारसा नव्हता.